गाडीतून उतरू नका, दादा

आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये ऑक्टोबर लागला की माणसं पानांच्या मागे खुळी होतात. अमक्याच्या दारचा मेपल लाल झाला, तमक्याचा ओक अजून हिरवाच आहे, अशा बातम्या एकमेकांना देतात आणि शनिवारी गाड्या काढून लांबच्या टेकड्यांवर पानं बघायला जातात. मी जात नाही. या दिवसांत मला घरात बसवत नाही आणि बाहेरही करमत नाही. वाळक्या पानांवरून कुणी चालत आलं की हातातलं काम थांबतं. अंधार लवकर पडायला लागतो, आणि कोपऱ्यावर एखाद्या गाडीचे मागचे दिवे थांबलेले दिसले की ती गाडी हलेपर्यंत मी खिडकी सोडत नाही. श्री, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "अगं, कुणीतरी फोनवर बोलत असेल." असेलही. मी बघत राहते.

हे सगळं त्या एका ऑक्टोबरपासूनचं. विमानं आदळून ते जुळे टॉवर पडले त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा आपल्या लोकांनी गाड्यांच्या काचांना घाईघाईने चिकटवलेले छोटे अमेरिकन झेंडे उन्हाने फिके पडले होते, पण खरवडून काढायची हिंमत कुणाची होत नव्हती. माझे वडील, दादा, वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस, त्यामुळे सरकारी गणवेशाशी कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत. श्रीने त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली होती. "कुणी विचारलं तर लगेच काढून दाखवायची, दादा. वेळ लावायचा नाही." दादांनी ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. रोज बाहेर पडताना चष्मा आणि झेरॉक्स दोन्ही चाचपून बघायचे आणि मगच बूट घालायचे.

समोर ग्लोरिया राहायची, अजूनही राहते. कॉलनीतलं एकमेव काळं कुटुंब तिचं, आणि कुटुंब म्हणजे ती आणि तिचा मुलगा मार्कस. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही इथे आलो तेव्हा बर्फ कसा उपसायचा हे मला तिने शिकवलं, नाहीतर त्या पहिल्या हिवाळ्यात माझी कंबर गेलीच होती. माझं लिंबाचं लोणचं ती सँडविचला फासून खायची आणि मला ते बघवत नसे. मार्कस माझ्या मुलीच्या, ऋजुताच्या वर्गात. दोघंही शाळेच्या बँडमध्ये होते, ती क्लॅरिनेट वाजवायची, तो ड्रम. त्याला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि आईची जुनी निळी गाडीही, त्यामुळे प्रॅक्टिस संपली की ऋजुताला घरी आणायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं.

दादांना त्या बँडचं वेड लागलं. लहानपणी शाळेत लेझीम खेळलेले ते. शंभर पोरं वाजवत वाजवत मैदानावर ओळी बदलतात आणि कुणी कुणाला धडकत नाही, याचं त्यांना कोण कौतुक! दुपारी मी त्यांना मैदानावर सोडायची. माकडटोपी घालून, थर्मासमधला चहा पीत ते लोखंडी बाकांवर बसायचे आणि संध्याकाळी मुलांबरोबर मार्कसच्या गाडीतून परतायचे. मार्कस त्यांना ‘आजोबा’ म्हणायचा. वडीलधारं माणूस म्हणून पुढची सीट त्यांची, ऋजुता मागे. "पोराचा हात पक्का आहे," दादा मला सांगायचे. तो हात ड्रमवरचा की स्टिअरिंगवरचा, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्यापासून तासा-दीड तासावर एक शहर आहे. नाव घालत नाही, कारण नाव घातलं की लोक म्हणतात, हो, तिथे असं होतंच. तिथे पोलिसांनी एका तरुण काळ्या मुलाची गाडी थांबवली. कागद काढायला म्हणून त्याने कोटात हात घातला आणि गोळ्या सुटल्या. कोटात कागदच होते. मग मोर्चे निघाले, काही दुकानांच्या काचा फुटल्या, रस्ते बंद झाले. आणि मग, हे सगळं निवतंय असं वाटत असताना, आपल्या गाडीत कॉफी पीत बसलेल्या एका पोलिसावर कुणीतरी मागून गोळी झाडली. त्याचा त्या मुलाच्या प्रकरणाशी काही संबंधही नव्हता. तो वाचला, पण किती वाचेल ते डॉक्टर सांगत नव्हते. त्याची बायको टीव्हीवर बोलली, त्या मुलाची आईही बोलली. दोघींचा आवाज सारखाच घोगरा झाला होता.

टीव्हीवर रोज संध्याकाळी चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडायची. एकाला फक्त गेलेला मुलगा दिसायचा, दुसऱ्याला फक्त तो पोलीस. आमच्या कॉलनीत झाडांना निळ्या फिती बांधल्या गेल्या, पोलिसांच्या पाठीशी आहोत हे सांगायला. ग्लोरियाच्या खिडकीत आधीपासून बॅटरीवरची एक मेणबत्ती होती, त्या मुलासाठी ठेवलेली. पोलिसाला गोळी लागली त्या संध्याकाळी तिने शेजारी दुसरी ठेवली. पलीकडचा एक गृहस्थ कुत्रं फिरवता फिरवता तिला म्हणाला, "एकदा काय ते ठरव, तू नक्की कोणत्या बाजूची?" तिने पडदा ओढून घेतला. मेणबत्त्या पडद्याच्या अलीकडे, काचेशी तशाच राहिल्या.

आपल्या लोकांचंही तोंड बंद नव्हतं. दिवाळी जवळ आली होती आणि दरवर्षीप्रमाणे मंदाकाकूंच्या गॅरेजमध्ये चकल्यांचा घाणा लागला होता. घरात तळलं की वास महिनाभर गालिच्यातून जात नाही, म्हणून इथल्या मराठी बायका फराळ गॅरेजमध्ये तळतात, दार अर्धं वर करून, अंगात कोट घालून, गाडी बाहेर काढून ठेवलेल्या जागेत. एकीकडे बर्फाची फावडी, दुसरीकडे कढई. मंदाकाकू आमच्या सगळ्यांत जुन्या, चाळीस वर्षं इथे काढलेल्या, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा.

"त्याने खिशात हात घालायचाच कशाला, मी म्हणते," काकू सोऱ्या पिळत म्हणाल्या. "पोलिसाने सांगितलं गप बस, तर गप बसावं. इतकं साधं आहे. आपल्या एका तरी मुलाला कुणी गोळी घातलीय का आजवर? आपण रूल्स फॉलो करतो."

"आणि आता त्या बिचाऱ्या पोलिसाला मारलं," कुणीतरी म्हणालं. "हे लोक ना, यार, यांचं असंच."

काळ्या लोकांसाठी आपल्यात एक हिंदी शब्द सर्रास वापरतात. तो त्या दुपारी पुष्कळदा वापरला गेला. मी तो इथे लिहिणार नाही. लिहिल्याने कागद बाटेल म्हणून नव्हे, सगळ्यांना तो माहीतच आहे म्हणून. मी म्हटलं, काकू, त्याच्या खिशात लायसन्स होतं. काकू म्हणाल्या, "असेल गं, पण पोलिसाला काय स्वप्न पडलं होतं?" आणि लगेच, त्याच दमात, "तुझी ऋजुता अजून त्या समोरच्या मुलाच्या गाडीतून येते ना? मी आपलं काळजीने विचारते." याच काकू ऋजुताचा रंग उजळावा म्हणून मला डाळीचं पीठ आणि सायीचा सल्ला द्यायच्या, दर उन्हाळ्यात, न चुकता. माझा संताप झाला. मी तळलेल्या चकल्या कागदावर इतक्या जोरात ओतल्या की निम्म्या मोडल्या.

घरी श्रीनेही तेच विचारलं. तो भांडखोर नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडणं फार अवघड जातं. "मार्कस चांगला मुलगा आहे, मान्य. पण या दिवसांत त्या गाडीत बसणं सेफ आहे का? रस्त्यात काही झालं तर? थोडे दिवस मी तिला पिक-अप करतो."

"आणि ग्लोरियाला काय सांगायचं?"

"माझ्या मीटिंग्ज कॅन्सल झाल्या म्हणून सांगू."

ऋजुता जिन्यावरून ऐकत होती. "बाबा, दॅट्स सो मीन," ती म्हणाली, "ही इज माय फ्रेंड," आणि दार आपटून आत गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. मी हट्टाला पेटले होते. आपली पोरगी त्याच गाडीतून येईल, दादाही त्याच गाडीतून येतील, आणि येताना सगळ्या कॉलनीला दिसतील. दादा भातावर वरण घेत म्हणाले, "एवढं काय बाप्पा त्यात? पोलीसही माणूसच असते. नीट बोललं की नीट बोलते." त्यांच्या या वाक्याने मला फार बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी अंगणात पानं गोळा करत होते. ग्लोरिया नुकतीच कामावरून आली होती, गणवेशातच होती, आपल्या बाजूची पानं ओढत होती. रस्त्याच्या टोकाला, आमच्याच कोपऱ्यावर, निळे-लाल दिवे फिरायला लागले. आम्ही दोघींनी एकदमच मान वर केली. आणि माझा फोन वाजला. ऋजुता होती. ती रडत होती आणि चक्क मराठीत बोलत होती. "आई, आजोबा गाडीतून उतरले. ते ऐकतच नाहीयेत. आई, तू ये."

मी पानं ओढायचं दाताळं टाकलं आणि धावायला लागले. दोन पावलंही गेले नसेन, तोच ग्लोरियाने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर तिथे वळ उठला. "पळू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्या दिशेने पळायचं नसतं. माझ्यासारखं चाल." तिने दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरले, तळवे पुढे करून. मीही तसे धरले. रस्ता असा किती होता, आमच्या दारातून दिसणारा कोपरा तो. पण तिचा मुलगा त्या दिव्यांच्या आत होता आणि ती चालत होती, सावकाश, शांतपणे, ओठ हलवत. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना घाबरलेलं पाहिलंय, पण भीतीला इतकं शिस्तीत चालवणारं दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

काय घडलं ते मग ऋजुताकडून कळलं. वळताना सिग्नल दिला की नाही, असं काहीतरी क्षुल्लक कारण होतं. मार्कसने गाडी कडेला घेतली, बंद केली, आतला दिवा लावला आणि कुणी सांगायच्या आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पण दादांना ते बरं दिसेना. वर्ध्याला पोलिसाने शिट्टी मारली की माणूस स्कूटर स्टँडवर लावतो, उतरतो, चालत त्याच्यापर्यंत जातो आणि ‘काय झालं साहेब?’ म्हणतो. जागचा न हलता बोलणारा माजोरी ठरतो आणि तिथेच प्रकरण चिघळतं. एवढ्या थंडीत त्या माणसाला आपल्यापर्यंत चालत यायला लावायचं? दादांनी दार उघडलं आणि हात जोडून त्याच्याकडे निघाले. तो ओरडला, थांब, हात दिसू देत. दादांना त्याचं इंग्रजी समजलं नाही, पण साहेब चिडलेत एवढं समजलं. चिडलेल्या साहेबाला कागद दाखवावा. जावयाने सांगितलं होतं, वेळ लावायचा नाही. त्यांनी स्वेटरच्या आत हात घातला.

 पुढचं ऋजुताने मला रात्री उशिरा सांगितलं.

पोलिसाचा हात पिस्तुलावर गेला. पोरसवदा होता तो, तोंडावर मुरमं असलेला, आणि त्याच्याच पेशातला एक माणूस त्या वेळी हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता. ऋजुता ओरडली, "आजोबा, हात बाहेर काढा!" आणि ज्याने जागचं हलायचंच नाही, तो मार्कस हलला. त्याने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, कोपरापर्यंत, आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "सर, ते आजोबा आहेत, त्यांना इंग्लिश येत नाही, माझ्याकडे बघा, सर, माझ्याकडे बघा!"

पोलिसाने त्याच्याकडे बघितलं.

आम्ही पोचलो तेव्हा मार्कस फुटपाथच्या कडेला पानांच्या ढिगात बसलेला होता, हात मागे बांधलेले. दादा दोन हात अंतरावर उभे होते, मोकळे, आणि पोलीस त्यांची झेरॉक्स टॉर्चच्या उजेडात वाचत होता. "सर, पुढच्या वेळी कृपा करून गाडीतच बसून राहा," तो दादांना म्हणाला, अगदी अदबीने. उतरले दादा, खिशात हात घातला दादांनी, आणि बेड्या मार्कसला. दादांनी झेरॉक्स परत घेतली नाही. ते गेले आणि मार्कसच्या शेजारी, त्या ओल्या पानांत, गुडघे धरत खाली बसले. पोलीस त्यांना उठा म्हणाला. दादा बसून राहिले. ग्लोरिया लांबूनच, हात तसेच धरून, हळू आवाजात म्हणत होती, "ऑफिसर, मी त्याची आई आहे. मी इथे उभी आहे. मी पुढे येत नाहीये."

सोडलं. ताकीद देऊन सोडलं, सिग्नल देत जा म्हणून. ही बातमी कुठल्या चौकटीत आली नाही, येणारही नव्हती. काहीच तर घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल, मला नेऊन सोड समोर. माफी मागायची आहे." न मोडलेल्या चकल्यांचा डबा त्यांच्या हातात. ग्लोरियाने दार उघडलं. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. दादा मराठीत बोलले आणि मी सांगत गेले, पण हात जोडले ते तिला माझ्याविनाच कळलं. तिने डबा घेतला. दादांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याला शिकवतेय. हात स्टिअरिंगवर. येस सर, नो सर. घाई करायची नाही, हसायचं नाही, काही शोधायचं नाही. पोलिसासमोर कसं वागायचं ते मी त्याला शिकवलं. तुमच्यासोबत कसं वागायचं ते मला शिकवता आलं नाही." दादांचा हात अजून तिच्या हातांत होता. "तुमची मुलगी, तुमचे वडील, यापुढे त्याच्या गाडीत नकोत. माझ्या मनात राग नाही. पण त्याला एकट्यालाच सांभाळताना माझा जीव मेटाकुटीला येतो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतके दिवस आम्ही टेबलावर, गॅरेजमध्ये, फोनवर खल करत होतो की त्या मुलाच्या गाडीत बसणं आपल्याला सुरक्षित आहे का. आपण बसलो तर तो सुरक्षित आहे का, हे काकूंना सुचलं नाही, श्रीला सुचलं नाही आणि मोठा हट्ट धरून बसलेल्या मलाही नाही. काकूंचं ते ‘गप बसावं’ मला नंतर कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. दादा गप बसले नव्हते आणि आजही जिवंत आहेत. मार्कस गप बसला होता, तोंड उघडलं ते फक्त दादांसाठी. मी हे काकूंना एकदा सांगितलंही. त्या म्हणाल्या, "चला, निभावलं ना?" आणि चहा ओतायला उठल्या.

दादा डिसेंबरमध्ये वर्ध्याला परत गेले. दर ऑक्टोबरला फोनवर आधी मार्कसची चौकशी करतात, मग नातीची. माझा भाऊ हसत हसत सांगतो की हल्ली चौकात पोलिसाने ऑटो थांबवला, की ड्रायव्हर उतरतो, बाकीचे उतरतात, आणि दादा एकटे आत बसून राहतात, समोरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून. हवालदार म्हणतो, "काका, उतरा की, काहून बसून राहिले?" दादा उतरत नाहीत. भावाला याची गंमत वाटते. मला फोन ठेवावा लागतो.

यंदाही पानं पडली आहेत. ऋजुता दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे. मार्कसही शिकायला बाहेर असतो, पण गेल्या शनिवारी आईची पानं काढून द्यायला आला होता. आता चांगला उंच झालाय, दाढी ठेवलीय, आणि ती दाढी बघून मला कौतुक वाटायच्या आधी धसका बसला. माझी गाडी दुरुस्तीला गेलेली, आणि मला फराळाचं सामान आणायला जायचं होतं. त्याने दाताळं भिंतीला टेकवलं. "आंटी, मी सोडतो ना. तिकडेच निघालोय."

मी ग्लोरियाकडे बघितलं. ती दारात उभी होती, हातात हातमोजे. इतक्या वर्षांत आमच्यातलं कुणी त्याच्या गाडीत बसलेलं नव्हतं आणि तो विषय आम्ही दोघींनी कधी काढलाही नव्हता. ती पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आली. मार्कस आत बसून आरसे नीट करत होता. मी त्याच्या शेजारी बसले, पट्टा लावला, पर्स पायाशी ठेवली. ग्लोरिया माझ्या खिडकीशी वाकली. मुलाला ती काहीच म्हणाली नाही. मला म्हणाली, "हात?"

मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले आणि मांडीवर पालथे ठेवले. तिने ते नीट बघितले, मग गाडीच्या टपावर थाप मारली आणि आम्हाला जाऊ दिलं.